पाणी प्या म्हणायला काय जातंय!

कुठल्याही लग्नात जेवणाच्या वेळी मुद्दाम बघा. साठी उलटलेल्या बायका जिलबीला 'अर्धीच वाढ गं' म्हणतील, पण घेतील. मठ्ठाही दोन घोट घेतील. पाण्याच्या ग्लासाला मात्र नुसतं ओठ लावून तो बाजूला ठेवतील. कारण सरळ आहे. कार्यालयातलं स्वच्छतागृह जिन्याखाली, भांडं उकिडवं बसायचं, फरशी ओली, धरायला काही नाही. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना तिथे एकवेळ बसणं जमेल, उठणं जमत नाही. म्हणून घरून निघतानाच हिशोब केलेला असतो की संध्याकाळपर्यंत जावं लागता कामा नये. आणि जायचं नसेल तर प्यायचं नाही. हे इतकं सवयीचं झालंय की त्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नाही.

आज ह्या हिशोबाबद्दलच लिहायचंय, आणि त्यातून निघणाऱ्या मुतखड्याबद्दल. ज्यांना शब्द जड वाटतो त्यांनी 'स्टोन' वाचावं. आमच्या नातेवाइकांत सगळे 'स्टोन'च म्हणतात, जणू इंग्रजीत म्हटलं की तो लघवीच्या वाटेवर न होता दुसरीकडे कुठेतरी होतो :) सुश्रुताने त्याला अश्मरी म्हटलं, तिचे चार प्रकार सांगितले, ती काढायची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. एवढ्या जुन्या दुखण्याची आपण कशाला लाज बाळगायची?

मी डॉक्टर नाही. पण घरात एक दुखणं जवळून पाहिलं, त्यानंतर बरंच वाचलं, माहितीतल्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं, आणि माझं एक मत झालं. गुडघे झिजले म्हणून लघवीत खडा तयार होतो, असं काही शरीरशास्त्र सांगत नाही. लठ्ठपणासारख्या एखाद्या गोष्टीने दोन्ही व्हायची शक्यता वाढते, तेवढं खरं. पण आपल्याकडच्या घरांत ह्या दोन दुखण्यांना जोडणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पलंगापासून संडासापर्यंतचं अंतर. हे अंतर आणि तिथलं उठणं-बसणं सोपं न करता 'भरपूर पाणी प्या' सांगणं म्हणजे लंगड्या माणसाला पळायला सांगण्यासारखं आहे.

जिच्यामुळे हे सगळं डोक्यात आलं ती माझी आत्या. (तिला विचारून लिहितोय. 'नाव घालू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही' म्हणाली.) जळगाव जिल्ह्यातलं गाव, जुनं घर, वय एकाहत्तर. दहा-बारा वर्षांपासून दोन्ही गुडघे धरलेले. घर म्हातारं असलं की संडास लांब असतो. इथे तो अंगणाच्या पलीकडे, तीन पायऱ्या उतरून. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ ला टेकतो आणि ही बाई दिवसाला चार भांडी पाणी पिणार. संध्याकाळी सहानंतर तेही नाही. रात्री उठायला नको, अंधारात पायऱ्या नकोत, कुणाला हाक मारायला नको. तिचं सगळं व्यवस्थित ठरलेलं होतं.

एका एप्रिलमध्ये तिची कंबर डाव्या बाजूने दुखायला लागली. गुडघ्यांची झीज आहेच, तेव्हा कंबरेचीही असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. एक्स-रे काढला, मणक्यात झीज दिसली. ती दिसणारच होती, त्या वयात बहुतेकांच्या मणक्यात दिसते. पट्टा मिळाला, वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी दुखणं दबलं, म्हणजे निदान बरोबर ठरलं! तीन आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. रात्री सोनोग्राफी झाली. डावी किडनी सुजलेली, आणि किडनीतून खाली येणाऱ्या नळीत नऊ मिलिमीटरचा खडा अडकलेला. वर लघवी तुंबून त्यात जंतुसंसर्ग झाला होता. अशा वेळी खडा काढायच्या भानगडीत न पडता आधी तुंबलेलं मोकळं करतात. त्याच रात्री नळीत स्टेंट घातला. खडा काढला तीन आठवड्यांनी, दुर्बिणीतून लेझरने फोडून.

ह्या प्रकरणात मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते त्या तीन आठवड्यांनी. ज्याच्या अंगात आधीपासून एक दुखणं मुरलेलं असतं, त्याची प्रत्येक नवी तक्रार त्याच खात्यावर जमा होते. 'संधिवात आहे ना त्यांना', संपलं. वास्तविक दोन्ही दुखण्यांची चाल वेगळी असते. मणक्याचं किंवा स्नायूचं दुखणं बहुधा हालचालीवर कमीजास्त होतं, आडवं पडलं की थोडं बरं वाटतं. खड्याची कळ लाटांसारखी येते, कुठल्याच अंगावर चैन पडू देत नाही, कंबरेच्या वरून पोटात आणि जांघेकडे उतरते, सोबत मळमळ असते, कधी लघवी लालसर होते. पण म्हातारपणी सगळंच पुस्तकाप्रमाणे होत नाही, त्यात रोजची वेदनाशामक गोळी चालू असेल तर कळेची धार बोथट होते. म्हणून सांधे झिजलेल्या माणसाची एका बाजूची कंबर नव्याने दुखायला लागली तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी मागून घ्यावी. आणि कळेबरोबर ताप आणि थंडी असेल तर सकाळची वाट बघू नये. तुंबलेल्या किडनीतला संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

स्टेंटबद्दलही थोडं लिहितो, कारण ते आधी कुणी सांगत नाही. हा स्टेंट म्हणजे एक बारीक लवचिक नळी. तिचं एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. ते दुसरं टोक मूत्राशयाला सतत खुपत राहतं, त्यामुळे घडीघडीला लघवीची भावना होते, आणि लागली की थांबवत नाही. धडधाकट माणूस वैतागतो. आत्या दिवसातून पंधरा-सोळा वेळा त्या तीन पायऱ्या उतरत होती. ज्या खेपा टाळण्यासाठी तिने वर्षानुवर्षं तहान मारली, त्या सगळ्या खेपा व्याजासकट वसूल झाल्या. चौथ्या दिवशी तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, तालुक्याहून कमोड खुर्ची आणून पलंगाशेजारी ठेवली. दहा वर्षांपूर्वी आणायची वस्तू.

आणखी एक. दुर्बिणीतून खडा काढताना रुग्णाला उताणं झोपवून दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, फाकवून आधारावर ठेवतात. खुबा आणि गुडघे आखडलेल्या माणसाचे पाय शुद्धीत असताना तेवढे वळतच नाहीत, आणि भूल दिल्यावर तो 'आई गं' म्हणू शकत नाही. आत्याला ऑपरेशनच्या जागेपेक्षा गुडघेच पुढे आठ दिवस ठणकत होते. तेव्हा भूल देणाऱ्या आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, पाय इथपर्यंतच वळतो. त्यांना ते हवंच असतं, फक्त कुणी सांगत नाही.

आता पाण्याचं. पाणी हे खड्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि त्याचा पुरावाही चांगला आहे. इटलीतल्या पार्मा इथे लोरिस बोर्गी ह्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांपैकी अर्ध्यांना सांगितलं की रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, बाकीच्यांना तसं काही सांगितलं नाही. पाच वर्षांत न सांगितलेल्यांपैकी शंभरात २७ जणांना पुन्हा खडा झाला, पाणी पिणाऱ्यांत शंभरात १२ जणांना. नुसत्या पाण्याने निम्म्याहून कमी! हल्ली डॉक्टर अडीच लिटर लघवी व्हावी असं सांगतात. (हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं.)

पण अडीच लिटर लघवी म्हणजे दिवसाला आठ-दहा खेपा. आपण आठ-दहा खेपा सहज करतो म्हणून तो आकडा आपल्याला दिसत नाही. ज्याला प्रत्येक खेपेला उठताना भिंत धरावी लागते, दारापर्यंत जाताना तीनदा थांबावं लागतं, त्याला तो आकडाच आधी दिसतो. आत्याला डिस्चार्ज देताना जो कागद मिळाला त्यावर 'पाणी भरपूर' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. संडास कुठे आहे, कसा आहे, हा प्रश्न आधीच्या दहा वर्षांत गुडघ्याच्या डॉक्टरांनी विचारला नव्हता, आणि खड्याच्या डॉक्टरांनीही विचारला नाही. दोघांचाही तो विषय नाही. मग तो कुणाचा विषय आहे?

खड्याच्या नावाने सल्ल्यांचा जो पाऊस पडतो त्याबद्दलही बोलायला हवं, कारण तो गुडघेवाल्यांना दुप्पट भिजवतो. खडा कॅल्शियमचा निघाला, की घरात पहिल्यांदा दूध बंद होतं. मग दही, मग पनीर. टोमॅटो आणि वांगी तर कधीच हद्दपार झालेली असतात, बियांमुळे. (बी गिळली म्हणून तिचा खडा होत नाही हो! पोटातली बी किडनीत जायला वाट कुठे आहे?) खरी गोष्ट उलटी आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, मग ते लघवीत कमी उतरतं. ह्याच बोर्गींच्या २००२ सालच्या अभ्यासात वारंवार खडे होणारे १२० पुरुष होते. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, ६० जणांना कॅल्शियम नेहमीइतकं पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. म्हणजे वाटीभर दही चालू ठेवा, लोणचं-पापड कमी करा. जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. ऑक्झलेटसाठी पालक आणि अळू सांभाळून खा. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळेच. आणि लिंबू पिळत जा, त्यातलं सायट्रेट खडा जमण्याला आडवं येतं.

कुळथाच्या पिठल्याबद्दल मला प्रत्येक जण सांगतो. पिठलं मला फार आवडतं, त्यामुळे विरोध नाही. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा एकदा झाला की तो खाण्यापिण्याने विरघळत नाही. युरिक अ‍ॅसिडचा विरघळू शकतो, लघवीची आम्लता औषधाने कमी केली तर. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपले आपण पडतात, आणि त्या आठवड्यात जे खाल्लेलं असतं त्याला श्रेय मिळतं. मग ते पिठलं असो, काढा असो, नाहीतर कुणाच्या मेव्हण्याने सुचवलेली बिअर असो. खडा पडला तर तो गाळणीत पकडून तपासायला द्यावा, म्हणजे पुढचं अंदाजपंचे राहत नाही.

दूध बंद करणारं हेच घर दुसऱ्या हाताने कॅल्शियमची गोळी देत असतं, ही खरी गंमत. आपल्या भाषेत 'हाडं झिजली' हा एकच शब्दप्रयोग दोन वेगळ्या दुखण्यांना वापरतात. एक, हाडं आतून ठिसूळ होणं. दुसरं, सांध्यातली कूर्चा झिजणं, म्हणजे आपले गुडघे. कॅल्शियमचा संबंध पहिल्याशी. झिजलेली कूर्चा कॅल्शियमने भरून येत नाही. तरी गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या मावश्या-काकवा प्रत्येक घरात आहेत. अमेरिकेत ३६,२८२ प्रौढ बायकांवर सात वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात ४४९ जणींना मुतखडा झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८१ जणींना. साधारण १७ टक्के जास्त. घाबरून जाण्याइतका मोठा फरक नाही. ज्यांची हाडं खरोखर ठिसूळ आहेत त्यांनी आपल्या मनाने गोळी बंदही करू नये. पण कशासाठी घेतोय हे विचारावं, आणि घ्यायचीच असेल तर रिकाम्यापोटी न घेता जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे निदान ऑक्झलेटला तरी धरेल.

हळदीचंही तसंच. फोडणीतल्या चिमूटभर हळदीबद्दल कुणाची तक्रार नाही. पण सांध्यांसाठी म्हणून रोज चमचाभर हळद किंवा हळदीच्या कॅप्सूल घेण्याची जी टूम निघाली आहे, ती खडा होणाऱ्यांसाठी बरी नाही. हळदीत पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट भरपूर असतं. 'नैसर्गिक आहे' ह्या उत्तराने किडनीचं समाधान होत नाही.

वेदनाशामक गोळ्या हा मात्र मला सगळ्यात गंभीर भाग वाटतो. गुडघ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो. पाणी भरपूर असेल, किडनी तरुण असेल तर ती सोसते. पण अंगात पाणी कमी, वर ब्लडप्रेशरच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या, त्यात एका बाजूची वाट खड्याने अडलेली, अशा अवस्थेत ती गोळी रोज घेणं म्हणजे उरलेल्या किडनीचा सौदा आहे. आणि ही गोळी औषधाच्या दुकानात 'ती लाल वाली द्या' म्हटलं तरी मिळते. गुडघ्यावर चोळायचं त्याच औषधाचं जेल असतं. त्यातलं रक्तात फार थोडं जातं, म्हणून नुसते गुडघेच दुखत असतील तर आधी ते वापरावं असं बरेच डॉक्टर सांगतात. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम आणि दोन-चार किलो वजन कमी करणं हे कंटाळवाणं खरं, पण त्याने किडनीला काही होत नाही.

तर आता घर. जेवढी घरं मी पाहिली त्यांत मुलगा पाच हजारांच्या तपासण्या आनंदाने करतो, पण संडासात भिंतीला एक दांडा बसवायचा राहून जातो. उकिडवं भांडं असेल तर कमोड. कमोड असेल आणि गुडघे फारच वाईट असतील तर त्यावर बसवायची उंच सीट. उठताना धरायला दांडा, पायाखाली न घसरणारी फरशी, वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा. आणि अंतर जास्त असेल तर पलंगाजवळ कमोड खुर्ची. ह्यातलं काहीही नवीन नाही आणि कुठल्याही ऑपरेशनपेक्षा स्वस्त आहे.

अडतं ते पैशांवर नाही, माझ्या मते. अडतं ते भांडं कोण रिकामं करणार ह्यावर. आमच्याकडे आजोबांच्या पलंगाखाली युरिनलची बाटली असायची आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आजोबांचं ते दुखणं होतं. बाईने मात्र भांडं मागायचं नसतं, ती पाणीच कमी पिते. आत्या खुर्ची आल्यावर पहिले दोन दिवस त्यावर बसायलाच तयार नव्हती. 'सुनेला माझं उचलायला लावू?' दादाने सरळ सांगितलं की सून नाही, मी उचलतो. तिला ते आणखीच अवघड वाटलं. तिसऱ्या दिवशी स्टेंटने तिचा नाइलाज केला.

आता स्टेंट निघून बरेच महिने झाले. खुर्ची अजून आहे, घरात कमोड आणि दांडाही बसवलाय, पायऱ्यांची गरज राहिलेली नाही. सकाळी उठल्यावर एक तांब्या, दुपारच्या जेवणापर्यंत दुसरा, असं तिने बांधून घेतलंय आणि पाळतेय. फक्त संध्याकाळी सहानंतर ती अजूनही पाणी पीत नाही. रात्रीची लघवी सगळ्यात दाट असते, तेव्हाच खडा जमतो, झोपताना एक भांडं तरी पी, असं मी फोनवर दर रविवारी सांगतो. ती म्हणते, 'अंधारात मी पडले तर तू येणार आहेस का पुण्याहून?' डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. सध्या रात्री आठला अर्ध्या भांड्यावर तडजोड झाली आहे. अर्धं म्हणजे किती, ह्यावर बोलणी चालू आहेत.